पहिल्या पंगतीतली बारा मशिनं

तू मेलास ते सगळ्यांच्या सोयीचं झालं, नईम. शेठला तुला काढून टाकायची चिठ्ठी लिहावी लागली नाही. थोरातला डिस्पॅचकडे जाताना तुझी नजर चुकवायला मुतारीच्या मागून वळसा घ्यावा लागत नाही. आणि मी? तुझी खुर्ची मला तू जिवंत असतानाच मिळाली होती. तू गेल्यावर तिच्यावर पाठ टेकून बसता येऊ लागलं. मेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण तू होतास तेव्हा मी याहून वाईट बोललोय, तुझ्या तोंडावर, तुझ्याच डब्यातला बोंबील चघळत. आता मेलास म्हणून एकदम सोवळं नेसून बोलायला लागलो, तर तूच उठून बसशील.

तुझ्या मय्यतीला अख्खी भिवंडी लोटली होती, असं मी गावभर सांगतो. कामतघरचे माग तासभर थांबले, धामणकर नाक्यावरचे रिक्षावाले उभ्या उभ्या रडले, आणि त्या दिवशी त्यांनी पुढच्या सीटवर दोन-दोन माणसं कोंबली नाहीत. खरं सांगायचं तर पस्तीस-चाळीस माणसं होती. त्यांतली कंपनीची तीन: मी, गेटवरचा पोशा वॉचमन आणि चहावाला. शेठने हार पाठवला होता, ट्रकच्या टायरएवढा. तो कुठे ठेवायचा हे ना मला कळलं, ना तुझ्या भावाला. दफन होईपर्यंत मी तो हातात धरून उभा होतो, सत्काराची तारीख चुकलेल्या पाहुण्यासारखा. शेवटी परत आणून कंपनीतल्या गणपतीला घातला. फुकट कशाला घालवायचा?

आता मुद्द्याचं. तुझ्या नावावर एक चूक लागली होती. काल्हेरच्या सगळ्या गोदामपट्ट्यात ती तुझ्या नावाने ओळखली जायची. ‘नईमने बुडवलं’ म्हणायचे. ती चूक माझी होती. तू मेल्यावर ती तुझ्या नावावरून उतरवून माझ्या नावावर चढवायची, एवढंच एक काम मी मनाशी घेतलं. भाताच्या गोण्या चढवण्या-उतरवण्यात ज्याच्या तीन पिढ्या गेल्या, त्या माणसाला एवढी एक चूक उचलता येऊ नये?

माझ्या बापाने भाताची खाचरं गोदामाला दिली आणि त्या बदल्यात मला कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीत चिकटवून घेतलं. पहिल्याच दिवशी तू मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला होतास, ‘जमिनीचा भाव बरा मिळाला. पोराचा नाही.’ तिथेच आपली दोस्ती झाली. तू दिवसाला पन्नास शब्द बोलायचास आणि मी तेवढे शिंकताना बोलायचो. मी काहीही सांगितलं की तू स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायचास, ‘निम्मं कर.’ खाडीत पंचवीस किलोचा मासा पकडला म्हटलं, की निम्मं कर. निम्मं केलं, की पुन्हा निम्मं कर. असं करत करत माझा मासा तू एकदा सुकटीपर्यंत आणलास.

तू शेठला आपलं काम समजावलंस तो दिवस मला पाठ आहे. तू म्हणालास, लोखंडाची एक पेटी आहे. तिच्या पोटात बारा मशिनं चालतात, पण ती हात लावता येतील अशी नाहीत. एका शेडात बारा माग टाकावेत आणि प्रत्येक मालकाला वाटावं की शेड आपलीच, तसं. एक मशीन कुणाला आत सोडायचं ते बघतं, एकात कुठला माल कुठल्या रॅकवर आहे त्याची सगळी नोंद, एक लेबलं छापतं, एक बिलं काढतं, एक हिशेबाचं. शेठ नीट ऐकून म्हणाले, ‘मशीन हैं ही नहीं, तो बिजली किसकी जलती है?’ तू पाणी प्यायलास. मग पुढचं सांगितलंस. ही पेटी कधी ना कधी मरणार. आगीने, पाण्याने, उंदराने, कशानेही. म्हणून पुण्याला दुसरी पेटी, तिच्यात या बाराही मशिनांची नक्कल, रोजच्या रोज ताजी केलेली. इकडची मेली की एक बटण दाबायचं, तिकडची उठतील. पण उठायचं ते गटागटाने. पहिल्या गटात दोनच: आत सोडणारं आणि नोंदीचं. ती दोघं नीट उभी राहिली, याची खात्री झाली की मग दुसरा गट. त्याच्यानंतर तिसरा. आणि शेठच्या केबिनमधल्या भिंतीवर रंगीत खांब नाचवणारं मशीन सगळ्यांत शेवटी. ‘सुताचा बीम चढवला नाही तर धोटा कशातून फिरवणार?’ तू म्हणालास. तुझ्या बापाचे आठ माग होते कामतघरला; तुला जगातली प्रत्येक गोष्ट मागावर चढवूनच कळायची.

शेठना पटलं. ते म्हणाले, सगळ्या खात्यांच्या सह्या आणा. तू कुणाशी बोलणार? सह्या आणायला मी निघालो.

आणि तिथेच मी माती खाल्ली. गट म्हटलं की लोकांना कळेना, म्हणून मी म्हणालो, अहो, लग्नातल्या पंगती समजा. पहिली पंगत, दुसरी पंगत, तिसरी, चौथी. त्या एका शब्दाने जे कळायचं ते सगळ्यांना लगेच कळलं. हिशेबखात्याच्या जोशी मॅडमनी कागद माझ्याकडे परत सरकवला. वीस वर्षं कंपनीत काढली, शेठच्या मुलीच्या लग्नाला हळदीपासून राबले, आणि मी तिसऱ्या पंगतीला? थोरात म्हणाला की माल तो काढतो, ट्रक तो भरतो, आणि दुसऱ्या पंगतीला बसवून तुम्ही त्याला घरचा गडी ठरवता काय. सगळ्यांत वाईट झालं जावईबापूंचं. ते शेठचे जावई, भिंतीवरचे रंगीत खांब हे त्यांचंच खातं. त्या दिवसापासून आपल्या खोलीतला चहा त्यांनी घ्यायचा बंद केला. सासऱ्याच्या मांडवात जावई शेवटच्या पंगतीला! आमच्या गावात एवढ्यावरून कोयते निघालेले आहेत. निम्मं करतो: एक कोयता. पण निघाला होता.

मी प्रत्येकाला वचन देऊन आलो. तुमचं काम पहिल्या पंगतीत, शब्द दिला. पाच खात्यांना शब्द दिला आणि पाच सह्या आणल्या. तुला सांगितलं तेव्हा तू खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलंस, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

‘सगळे पहिल्या पंगतीत बसले तर वाढणार कोण?’

मी म्हटलं, ती काय खरंच जेवणार आहेत? नाव वर दिसलं की झालं. तू म्हणालास, मशीन नाव बघून उठत नाही. मी म्हटलं, माणसं नाव बघूनच उठतात, आणि कंपनी माणसांची आहे. तू म्हणालास, मग माणसांना पुण्याला पाठव. हे भांडण आपलं दोन आठवडे चाललं, डब्यावर, जिन्यात, तुझ्या स्कूटरवर मागे बसून. ते संपलं नाही. तू उठून गेलास, आणि भांडण अजून माझ्या ताटात आहे.

मग तो शनिवार. तिमाहीची ट्रायल होती. पुण्याची मशिनं खरोखर उठतात का हे दर तीन महिन्यांनी बघायचं, हा तुझा नियम. पण तू म्हणालास, बहिणीकडे महाडला जायचंय, एक दिवस, ट्रायल तू घे. तुझा पासवर्ड मला ठाऊक होता. तूच दिला होतास, ‘आग लागली तरच’ असं बजावून. त्या शनिवारी आग लागली नव्हती. जावईबापू आले होते.

ते येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आमचं कुठे आहे ते दाखवा की. माझ्या लॉगिनने नुसतं बघता यायचं, हलवता यायचं नाही. मी तुझ्या नावाने आत शिरलो, आणि एकेक करून बाराही मशिनं ओढून पहिल्या गटात टाकली. जावईबापूंचं सगळ्यांत वर. बाकीच्या तीन पंगती मोकळ्या पडल्या, उष्टं काढलेल्या मांडवासारख्या. जावईबापू हसले. कित्येक दिवसांनी आपल्या खोलीत बसून चहा घेतला. मी खुशीत येऊन त्यांना माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली, काल्हेरच्या खाडीत मगरीला धोतराने बांधून तिच्याच पाठीवर बसून कल्याणच्या बाजारात कसे गेले ती. गोष्ट तासाची आहे. ती सांगून झाली तेव्हा दुपार उलटली होती. ते गेले की सगळं परत जागच्या जागी लावायचं, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात गेट दोनचा प्रिंटर अडकला. मग थोरातने हाक मारली. मग शनिवार संपला. ट्रायल घेतली नाही. परत लावलं नाही. दुष्टपणा करायलासुद्धा माणूस जरा लक्ष देतो. मी तेवढंही दिलं नाही.

सोमवारी तू आलास, तोंड राखेसारखं. मी विचारलं, बहिणीने काय उंदराचं औषध वाढलं की काय? तू हसला नाहीस. ट्रायल घेतलीस का, विचारलंस. मी म्हटलं, एक नंबर, बाराही जणांनी उठून सलाम ठोकला. तू ‘निम्मं कर’ म्हणशील याची मी वाट बघितली. त्या दिवशी तू म्हणाला नाहीस. फॉर्मवर सही केलीस आणि डोकं टेबलावर टेकवलंस.

पुढचं सगळ्या काल्हेरला माहीत आहे, निदान मी सांगितलेलं तरी. सणाचा माल भरायचे दिवस. सकाळी दहाच्या सुमाराला सर्व्हर रूममधल्या एसीची नळी फुटली आणि पाणी यूपीएसवर पडलं. धूर, ठिणग्या, पेटी मेली. तू धावला नाहीस. चालत गेलास, खुर्चीत बसलास, पुण्याचं बटण दाबलंस आणि मला म्हणालास, वीस मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला खात्रीने हसताना बघितलं. आणि तिकडे पुण्याला बाराच्या बारा मशिनं एकाच वेळी उठली. लेबलं छापणारं नोंदी मागतंय, नोंदीचं मशीन अजून डोळे चोळतंय, आत सोडणारं मशीनच नीट उठलं नाही तर कुणाला आत सोडणार, आणि जावईबापूंचं सगळ्यांच्या आधी उभं राहून रिकामे खांब नाचवतंय. एकमेकांची वाट बघून सगळी मशिनं पडली. उठली, पुन्हा पडली. पडता पडता नोंदी चिखलात गेल्या. सावरायला दीड दिवस लागला. ट्रकांची रांग नाशिकपर्यंत गेली होती. निम्मं केलं तर अंजूर फाट्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी शेठने सगळ्यांना यार्डात उभं केलं. हातात कागद होता, प्लॅन शेवटचा कुणी बदलला त्याचा. त्यांनी तुलाच विचारलं. ‘नईमभाई, ये आपका लॉगिन है?’

तू कागद वाचलास. तारीख वाचलीस. मग मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मी माझ्या बुटांच्या लेस बघत होतो. माझ्या बुटांना लेस नाहीत.

‘हां. मेरा है,’ तू म्हणालास.

जोशी मॅडम, थोरात, जावईबापू, सगळी पहिली पंगत तिथे उभी होती. एकानेही म्हटलं नाही की आम्हीच तिथे बसायचा हट्ट धरला होता. जावईबापू तर तुझ्याकडे असे बघत होते, जसा काही तू त्यांचा मंडप जाळलास. त्यांनी बदल माझ्या हाताने झालेला बघितला होता. पण हाताने काय झालं हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. त्यांना फक्त आपलं नाव वर गेलेलं दिसलं होतं. तुला गेट चारवर खोकी मोजायला पाठवलं आणि मला तुझ्या खुर्चीत बसवलं. शेठ म्हणाले की जनूला माणसं सांभाळता येतात.

तू एक शब्द बोलला असतास तर मी तिथेच कबूल केलं असतं. हे वाक्य मी तुझ्या मातीपासून घोकतोय, आणि ते खोटं आहे. तू एक शब्द बोललाही होतास. पंधरा दिवसांनी, डब्यावर. तू गेटवरून वर यायचास जेवायला, माझ्याकडे, म्हणजे तुझ्याच खोलीत. घास हातात धरून तू म्हणालास, ‘जनू, त्या दिवशी यार्डात मी तुझ्याकडे बघितलं होतं.’

मी म्हटलं, मला वाटलं घड्याळ बघतोयस. ते माझ्या मागे होतं.

तू घास चावलास. मग डब्यातला दुसरा बोंबील माझ्या ताटात टाकलास. याहून मोठी शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही. मी तो खाल्ला.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, तू गेट चारवर खोक्यांच्या थप्पीला टेकून खाली बसलास. पोशाने मला सांगितलं, ‘सायेब, पानी मांगला त्यांनी. मी बाटली घेऊन आलो तं मानूस न्हाय.’

चाळिसावा झाल्यावर तुझी सना ऑफिसात आली. ऐरोलीला नोकरीला आहे, आपल्याच धंद्यात, तुझ्यासारखीच बसते, मान डावीकडे कलवून. भाभी कशा आहेत वगैरे मी विचारत होतो, तर तिने सरळ विचारलं, काका, बारा मशिनं पहिल्या गटात कुणी टाकली? अब्बा तसं करणार नाहीत, असं तिचं म्हणणं. झोपेतसुद्धा नाही. मी तुझ्या खुर्चीत बसलो होतो. माझ्यासमोर तुझी पोर. मी म्हणालो, बाळा, अब्बांनीच. फार थकले होते ते. मी एवढ्या प्रेमाने बोललो की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, बरं. तेवढा बदलाचा कागद मिळेल का, वेळेसकट? मी लगेच छापून दिला. त्याच्यावर तुझंच नाव होतं, मला काय भीती? वर एक फोल्डरही दिला, घडी पडू नये म्हणून.

ती गेल्यावर मात्र माझी जेवणाची चव गेली. तू हसशील, पण माझा देह बघता ही गोष्ट लहान नाही. आठवडाभर भात पुढ्यात आला की मी ताट सरकवून द्यायचो. बायको म्हणाली, कावीळ असेल. मी ठरवलं, बास. ज्या यार्डात तुझं नाव घालवलं त्याच यार्डात सगळ्यांसमोर सांगायचं. सोमवारच्या सकाळच्या मीटिंगला सना तुझ्या लॉकरमधलं सामान न्यायला येणार होती. म्हटलं, तिच्यासमोरच.

मी एका लाकडी पॅलेटवर चढलो. सगळे होते. आणि नईम, मी खरं सांगितलं. आईशपथ खरं सांगितलं. पण तोंड माझं होतं ना. जोशी मॅडम पंगतीवरून कशा रुसल्या, हे सांगताना मी त्यांचा आवाज काढला. थोरात हसला. मग थोरातचा काढला, मॅडम हसल्या. जावईबापूंचा चहा आला. चहा आला म्हटल्यावर आजोबा आले, आजोबांमागून मगर आली. यार्ड खो खो हसत होतं. मला वाटलं, छान, आता ऐकताहेत. आणि अगदी शेवटी मी म्हटलं, तर मंडळी, नईमच्या लॉगिनने ते मी केलं, मी.

शेठने चष्मा काढून डोळे पुसले. ‘देखो,’ ते सगळ्यांना म्हणाले, ‘इसको बोलते हैं दोस्ती. आदमी मर गया, ये उसकी गलती अपने सर पे ले रहा है.’

टाळ्या पडल्या, नईम. जोशी मॅडम रडायला लागल्या. मी ओरडलो की हे खरं आहे, मी गंमत करत नाही. थोरातने येऊन मला मिठी मारली आणि म्हणाला, बस कर आता, किती रडवशील. जावईबापूंनी माझी पाठ थोपटली. त्यांनी बघितलं होतं की रे! अजूनही त्यांना कळलं नव्हतं. मी खाली उतरलो तेव्हा कंपनीत माझ्याएवढा मोठ्या मनाचा माणूस उरला नव्हता, आणि तुझी चूक तुझ्याच नावावर होती, आधीपेक्षा पक्की.

सना गेटबाहेर रिक्षाची वाट बघत उभी होती. तुझ्या सामानाची पिशवी हातात. मी धापा टाकत पोचलो. म्हटलं, तू तरी विश्वास ठेव.

‘मला ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘त्या शनिवारी अब्बा महाडला नव्हते. ठाण्याच्या हॉस्पिटलात टेबलावर होते. अँजिओग्राफी चालू होती. तुमच्या कागदावर वेळ आहे, त्यांच्या कागदावर पण आहे.’

मी खालीच बसलो असतो, पण गटार होतं. हळूहळू तिने सगळं सांगितलं. तू कुणालाच कळू दिलं नव्हतंस. हार्टचं कळलं तर मला खोलीतून काढतील आणि कुठेतरी कोपऱ्यात बसवतील, असं घरी म्हणायचास. यार्डात शेठला नुसतं सांगितलं असतंस की त्या वेळी मी हॉस्पिटलात होतो, तर सुटला असतास. पण मग हार्टचं निघालं असतं. म्हणून तू दोन शब्दांत गुन्हा घेतलास. आणि ज्या कोपऱ्याला भीत होतास, तिथेच तुला पाठवलं, खोकी मोजायला, त्याच हार्टसकट. मी तुझ्या गप्प राहण्याला इतके दिवस दोस्ती म्हणत होतो. मनात त्याचा फोटो लावून हारही घातला होता. तू मला वाचवत नव्हतास. तू नोकरी वाचवत होतास, आणि मी मध्ये पाय आडवा घालून उभा होतो.

‘माझ्याकडे आलीस तेव्हा माहीत होतं तुला?’ मी विचारलं.

‘वेळ बघायची होती फक्त. कागद तुम्हीच दिलात.’

‘मग आज आत तो का नाही काढलास?’

‘तुम्ही बोलत होता ना. मला वाटलं, सांगाल.’ रिक्षा थांबली. तिने पिशवी आधी आत ठेवली. ‘टाळ्या पडल्या तुम्हाला, काका.’ बसता बसता म्हणाली, ‘एका पानात लिहून द्या. सही करून. मगर नको.’

तुला हे सगळं मी एका बैठकीत लिहिलं आहे. त्या एका पानाला नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी चार पानं झाली, आणि त्यांत तुझं लग्नही आलं. दुसऱ्या दिवशी मी रडवलं. तिसऱ्या दिवशी मला स्वतःचीच दया आली, ती फार छान उतरली होती. रोज संध्याकाळी फाडायचो. तू असतास तर एका बैठकीत निम्मं, निम्म्याचं निम्मं करून काम संपवलं असतंस. नवव्या दिवशी जे उरलं ते असं होतं:

‘त्या शनिवारी सकाळी मी नईमच्या लॉगिनने प्लॅन उघडला. बारा मशिनं पहिल्या गटात टाकली. जावईसाहेब शेजारी होते. नंतर मी ते पूर्ववत केलं नाही. ट्रायल घेतली नाही, घेतली असं नईमला खोटं सांगितलं. नईम त्या वेळी हॉस्पिटलात होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. यार्डात त्याच्यावर आरोप झाला तेव्हा मी हजर होतो आणि बोललो नाही. सनाने विचारलं तेव्हाही खोटं बोललो.’

खाली सही. सनाने त्याला तुझे दोन कागद, बदलाचा आणि हॉस्पिटलचा, जोडले आणि शेठच्या हातात दिले. शेठने तिन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले. मग जावईबापूंना आत बोलावलं. दार लागलं होतं, आवाज आला नाही. दुपारी शेठने भाभींना फोन लावला. भाभींनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सोमवार होता, शेठ यार्डात उभे राहिले आणि तुझं नाव घेऊन म्हणाले की गलती उनकी नहीं थी. एवढंच. टाळ्या पडल्या नाहीत. सगळी पहिली पंगत आपापले बूट बघत उभी होती.

माझ्या खुर्चीत आता एक नवी मुलगी आली आहे, तिला मी आवडत नाही. तुझे चार गट तिने होते तसे परत लावले, ट्रायल घेतली, पुण्याची मशिनं तुझ्या हिशेबाने उठली. पोशाने मला सांगितलं. मला आता वर जायला बंदी आहे. मी खोकी मोजतो.

गेट चारला पंखा नाही, नईम. वर पत्रा आहे आणि दुपारी तो डोक्यावर तव्यासारखा तापतो. तीन महिने तू जेवायला वर यायचास, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी म्हणायचो, आला रे, खाडीत पोहून आला. तू हसायचास.